पाच वाजताची रात्र

काकू श्रावणात गेल्या. त्या दिवशी पाच वाजता मी शेवंतीवर कापड घातलं.

त्या माझ्या घरमालकीण. जाफर गेटच्या अलीकडे एका गल्लीत त्यांचं घर होतं. खाली त्या एकट्या, वरच्या खोलीत मी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. तिथे दिवसभर कुणाशी फार बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला मानवतं. काकूंनी मात्र सगळी नोकरी बोलण्यात घालवली होती. त्या टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडायच्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि मनमाड, जालना, परभणी, नांदेड. ते एक्स्चेंज कधीच बंद पडलं. काकू त्या खुर्चीवरून उठल्या आहेत असं मात्र मला कधी वाटलं नाही.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही.

"गाव कोणतं?"

"कन्नड."

त्यांनी डोळे मिटले. "कन्नड... तुमची लाइन लई खराब होती. नुसती खरखर. पावसाळ्यात तर लागायचीच नाय."

मी म्हणालो, "माफ करा." का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. खोली मला मिळाली, आणि त्या दिवसापासून माझं नाव कन्नड झालं. एक्स्चेंजात बाया एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारत, ती सवय काकूंनी घरी आणली होती. पुण्याला दिलेली मुलगी म्हणजे पुणं. "पुण्याचा फोन आला होता, लई घाईत होतं." शेजारचे रफीक मास्तर शिवणकाम करायचे. ते जन्मापासून याच गल्लीतले. "लोकलला गावाचं नाव लागत नाय," म्हणून ते फक्त मास्तर.

दुसरी सवय तीन मिनिटांची, ट्रंक कॉलच्या मापाची. समोरच्याचं बोलणं लांबलं की त्या हात वर करून विचारायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" हे त्या दूधवाल्याला विचारत, डॉक्टरांना विचारत, आणि एकदा सत्यनारायणाच्या कथेत चौथा अध्याय चालू असताना गुरुजींनाही विचारलं होतं. गुरुजी गोंधळून पाचव्या अध्यायावर गेले.

आणि तिसरं वेड शेवंतीचं.

घरापुढच्या अंगणात, भिंतीला लागून, शेवंतीच्या कुंड्यांची रांग होती. दुसरं झाड नाही. तुळस तेवढी, तीसुद्धा बाजूला सरकवलेली. शेवंती त्यांच्या माहेरची, लासूर स्टेशनची. आईच्या परसातून आणलेली. बाजारात मिळते तशी टपोरी नव्हे. फूल लहान, बटणासारखं, हळदीच्या रंगाचं, आणि वास असा उग्र की पानाला नुसता हात लागला तरी जेवताना बोटांना यायचा. दर हिवाळ्यात फुलं सरली की काकू झाडं बुडाशी छाटत आणि बुंध्याजवळचे फुटवे काढून नव्या कुंड्यांत लावत. मग उन्हाळाभर त्यांचे शेंडे खुडत. "शेंडा मोडल्याबिगर अक्कल फुटत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झाडांबद्दल म्हणत, आणि माझ्याकडे बघून म्हणत.

ही शेवंती दिवाळीच्या सुमाराला फुलायची. त्यातच काकूंच्या आयुष्यातलं एकमेव भांडण होतं, कारण महालक्ष्म्या येतात भाद्रपदात.

लासूरला त्यांच्या आईच्या घरी लक्ष्म्या बसत. आई दर वर्षी शेवंतीच्या वेण्या विकत आणायची, दोघींच्या मुखवट्यांना घालायची आणि हात जोडून म्हणायची, "बायांनो, माझी अजून झोपलीय. औंदा बाजारच्या घ्या." हे वाक्य ऐकत काकू मोठ्या झाल्या. आई हे वाक्य म्हणतच म्हातारी झाली आणि गेली. काकूंच्या घरीही लक्ष्म्या बसत, आणि काकूंनी ठरवलं होतं की हे वाक्य आपण म्हणायचं नाही. एकदा तरी, एका भाद्रपदात तरी, आईची शेवंती लक्ष्म्यांच्या डोक्यात घालायची.

मी राहायला येण्याआधीच त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. शेणखत, ताक, अंड्याची टरफलं, तांदळाचं धुवण. कुणी सांगितलं म्हणून काही दिवस कुंड्यांपुढे रेडिओही लावला होता. झाडं गुडघ्याच्या वर गेली, हिरवीगार झाली, आणि कळीचा पत्ता नाही. "अंगानं भरली," काकू म्हणायच्या, "पण मनावर घेईना."

काकू शेवंतीचा फुटवा कुणाला देत नसत. मास्तरांना मात्र एक कुंडी द्यावी लागली, कारण त्यांनी काकूंच्या खिडक्यांचे पडदे शिवून दिले आणि शिलाई घ्यायला नकार दिला. कुंडी दिली खरी, पण रोज सकाळी काकू भिंतीवरून डोकावून चौकशी करत. दिलेल्या मुलीची करावी तशी.

"मास्तर, खाल्लं का तिनं?"

"हौ बाजी, पानी पी को बैठी है." मास्तर काकूंना बाजी म्हणत, म्हणजे ताई.

मास्तरांचं मशीन घराच्या ओट्यावर होतं. ओटा पश्चिमेकडे. दुपारनंतरचं ऊन थेट मशीनवर येई, म्हणून नमाजाला उठले की मास्तर ओट्याची ताडपत्री खाली सोडत आणि काम आत नेत. ताडपत्री वर जायची ती दुसऱ्या दिवशी, चांगली उन्हं चढल्यावर. शेवंतीची कुंडी ओट्याच्याच कोपऱ्यात होती.

श्रावण संपत आला होता. एका सकाळी मी दाढी करत होतो आणि खालून आवाज आला. काकू भिंतीला रेलून उभ्या होत्या. चेहरा असा की काहीतरी चोरीला गेलं आहे.

"मास्तर! काय घातलं तुम्ही हिला?"

"कुछ नै डाल्या बाजी."

"खोटं नका बोलू. कळी धरलीय हिनं! माझ्या एकीला नाय अन् हिला कशी?"

"अल्ला की कसम बाजी, खाली पानी."

मी तसाच साबण लावलेल्या तोंडानं खाली गेलो. खरंच, मास्तरांच्या झाडावर कळ्या होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. भिंतीच्या अलीकडे, हातभर अंतरावर, त्याच आईच्या त्याच लेकी नुसत्या पानांनी भरून उभ्या होत्या. काकूंनी मास्तरांची माती बोटांनी चिवडून पाहिली. पाण्याची चव घेतली. लाइनमध्ये दोष कुठे आहे ते एक्स्चेंजातून शोधत जावं तसा त्यांनी ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. मग माझ्याकडे वळल्या.

"कन्नड, तुझ्या लायब्ररीत एवढी पुस्तकं. एकात तरी असंल ना हे?"

होतं. शेतीच्या कपाटात, खालच्या खणात. त्या दिवशी कॉलेजातून लवकर निघून, पायरीवर बसून मी त्यांना वाचून दाखवलं: शेवंतीला कळी धरण्यासाठी मोठी रात्र लागते. दिवस लहान होऊन रात्री लांबल्या की तिला फुलायची वेळ कळते. त्याआधी कितीही खत घाला, ती पानंच वाढवते.

काकू भिंतीपलीकडच्या ताडपत्रीकडे बघायला लागल्या. पाच वाजले होते, आणि मास्तरांनी ती नुकतीच खाली सोडली होती.

"म्हणजे तिला खत नको होतं," त्या हळू म्हणाल्या. "तिला रात्र पाहिजे होती. अन् मी आपली ताक पाजत बसले." आणि एकदम उठून ओरडल्या, "मास्तर! काळं कापड किती असंल तुमच्याकडं?"

ताडपत्रीच्या आतून आवाज आला, "बुरखे सीता मैं बाजी. कालाच काला है."

पुढच्या आषाढाआधी मास्तरांनी उरलेल्या तुकड्यांचं एक भलंमोठं कापड शिवलं. त्याआधी ते टेप घेऊन अंगणात आले. कुंड्यांची रांग मापली, उंची मापली, पेन्सिल कानामागे ठेवली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बाजी, रात कित्ती लंबी होना?"

"दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकली पाहिजे. चांदणं नको आत यायला."

त्या कापडाचं नाव तेव्हापासून रात्र पडलं. मी बांबूच्या कामट्यांचा मांडव केला, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना, आमच्या अंगणात रात्र व्हायची. सकाळी आठला ती निघायची. त्या दिवसांत आमच्या घरी जी वाक्यं बोलली जात, ती बाहेरच्यानं ऐकली असती तर आम्हाला वेड्यांत काढलं असतं. "कन्नड, रात्र भिजली रे, गच्चीवर वाळत घाल." "मास्तर, रात्र उसवलीय, दोन टाके मारा." एकदा गॅसवाला सिलिंडर घेऊन फाटकात आला तेव्हा काकू त्याच्यावर खेकसल्या, "हळू! रात्र आहे इथं!" त्यानं घड्याळ पाहिलं. साडेपाच वाजले होते. सिलिंडर त्यानं अगदी अलगद खाली ठेवलं.

इतकं करून त्या वर्षी लक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या, आणि शेवंतीवर एक कळी नव्हती. ती नवरात्रात फुलायला लागली.

काकूंनी ती फुलं तोडली नाहीत. माझ्याशी बोलल्या नाहीत. पुस्तकात चूक आहे असं त्यांचं मत झालं, आणि पुस्तक मी आणलं होतं. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं, चूक सापडेना. मग आठवलं. रोज जेवण झालं की काकू खाली काहीतरी बोलत बसायच्या, आणि माझ्या खिडकीखाली पिवळट उजेड हलताना दिसायचा. मला वाटायचं, त्या फोनवर आहेत. मी खाली गेलो.

"काकू, जेवण झाल्यावर तुम्ही कुठं बसता?"

"कुठं म्हणजे? हिच्याजवळ. रात्रीच्या आत."

"आत?"

"आत शिरून. दिवसभराचं सांगते तिला. तास-दीड तास."

"अंधारात?"

"अंधारात कसं बोलायचं? बॅटरी लावते."

मी डोक्याला हात लावला. पुस्तकात तेही होतं. रात्र मधेच उजेडानं तुटली की शेवंतीला वाटतं, रात्र लहान आहे. काकूंनी पाच वाजता रात्र केली होती आणि रोज स्वतःच आत जाऊन ती तोडली होती.

मला वाटलं, आता त्या चिडतील. त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "सगळी नोकरी मी तोंड न बघता बोलले रे. कोण रडतंय, कोण हसतंय, नुसता आवाज. कुणाच्या मरणाची बातमी, कुणाला पोरगा झाला, सगळं कानात. तोंड एकाचं पाहिलं नाय. नोकरी सुटली त्या दिवशी ठरवलं, आता तोंड बघूनच बोलायचं." आणि त्या उठल्या. "चल. परत एक्स्चेंजात बसायचं म्हणजे."

आणि त्या बसल्या. पुढच्या आषाढात बॅटरी त्यांनी माझ्या ताब्यात दिली, "मी मागितली तरी देऊ नको" म्हणून. जेवण झालं की त्या काळ्या कापडाच्या बाहेर पाट घेऊन बसत आणि आतल्या शेवंतीशी बोलत. तोंड न बघता. "हॅलो. ऐकू येतंय का? आज पुण्याचा फोन होता. गुडघे दुखायलेत म्हणत होतं, याच वयात, सांग आता." आवाज पुन्हा एक्स्चेंजातला झाला होता, स्पष्ट, प्रत्येक शब्द सुटा. मी वर पुस्तक उघडून बसे आणि एक पान वाचून होत नसे.

त्या आषाढात आम्ही तिघं जसे वागलो तसे मी कुणाला वागताना पाहिलेलं नाही. मास्तर रोज सकाळी भिंतीवरून विचारत, "बाजी, खबर?" मी कॉलेजातून पाचच्या आत घरी पोचावं म्हणून मुख्य ग्रंथपालांकडून वेळ बदलून घेतली. त्यांनी कारण विचारलं तेव्हा "घरी रात्र घालायची असते" हे तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. श्रावण लागला आणि एका सकाळी कापड काढलं तर शेंड्याशेंड्यावर हिरवे दाणे. एक नाही, दोन नाही, सगळ्या रांगेवर. काकूंनी तोंडावर हात धरला. नजर लागेल म्हणून त्यांनी ओरडू दिलं नाही, आम्ही तिघंही कुजबुजत नाचलो. मास्तरांचे पाय दुखायचे, ते भिंतीपलीकडे नुसते हात हलवत होते.

मग रोज दाणे मोजण्याची, फुगलेत का ते बघण्याची घालमेल. मी वर्गात बसल्यासारखा शांत राहणारा माणूस. पण त्या दिवसांत पुस्तकांवर नंबर घालताना मी सकाळी मोजलेल्या दाण्यांचा आकडा लिहून बसायचो. आणि श्रावण सरत आला तेव्हा ती सकाळ आली. मी जिन्यात होतो. खालून काकूंचा आवाज असा आला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"कन्नड! मास्तर! लाइन लागली! लाइन लागली रे!"

मी धावलो. त्या कुंडीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. एका कळीचं टोक उकललं होतं आणि आत हळदीची रेघ दिसत होती. नखाएवढी. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "रंग बघ. रंग बघ तिचा. आईचाच आहे." मास्तर लुंगीवर धावत आले, चष्मा विसरून, आणि "किधर बाजी, किधर" करत पानालाच नाक लावून बसले. काकूंनी त्यांची मान धरून कळीकडे फिरवली. मग आत जाऊन तिघांसाठी शिरा केला. तूप इतकं घातलं की मास्तर म्हणाले, "बाजी, ये खा को मर जाऊंगा." "मरा," काकू म्हणाल्या, "पण लक्ष्म्या उठल्यावर."

दिवसभर त्या गल्लीत जो भेटेल त्याला सांगत होत्या. तीन मिनिटांचं भान त्यांना स्वतःलाही राहिलं नव्हतं. पुण्याला फोन केला. लासूरला भावाला केला. "दादा, उठली! आईची उठली!" संध्याकाळी पाचला आम्ही रात्र घातली. जेवणानंतर त्या पाटावर बसल्या आणि बराच वेळ आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर रात्र कुंड्यांवर तशीच होती. आठ वाजून गेले होते. मी दार वाजवलं. मग मास्तरांना हाक मारली.

दुपारी लासूरहून त्यांचे भाऊ आले. पुण्याची मुलगी वाटेत होती, तिच्यासाठी थांबायचं ठरलं. अंगणात माणसं बसली होती. मी घड्याळ बघत होतो. पाच वाजले तसा मी उठलो आणि सकाळी उशिरा काढून ठेवलेल्या कापडाची घडी उलगडली. मास्तर भिंतीपलीकडून आले, दुसरं टोक त्यांनी धरलं.

दारातली एक बाई म्हणाली, "हे काय चाललंय? मयत घरात, अन् दारात काळं काय घालायलाव?"

मी माझं टोक हातात तसंच धरून ठेवलं. मास्तर माझ्याकडे बघत होते. मग भाऊ उठले. पिकलेल्या मिशा, कपाळ अगदी काकूंचं. ते कुंडीपाशी आले, एक पान चुरगळून त्यांनी नाकाशी धरलं.

"आमच्या आईची शेवंती ना ही?"

मी मान हलवली.

"तुम्ही कन्नड काय?"

"हो."

"घाला," ते म्हणाले, आणि त्या बाईकडे वळून, "काकी, राहू द्या. तिचं काम आहे ते."

कळीनं रंग दाखवल्यावर कापड घालण्याची गरज राहत नाही. हेही पुस्तकात होतं. मला ते माहीत होतं. मी घातलं.

त्या घरी त्या वर्षी लक्ष्म्या बसणार नव्हत्या. मुलीनं तसं सांगितलं, आणि सांगताना ती कुंड्यांकडे बघत नव्हती. फुलं उमलत होती. रोज थोडी जास्त. अंगण पिवळं होत चाललं होतं आणि ती फुलं कुणासाठी आहेत हे कुणालाच म्हणता येत नव्हतं. मास्तर सकाळी भिंतीपाशी येत, "खबर?" म्हणून विचारत नसत, नुसते उभे राहत.

दहावा-तेरावा झाला आणि भावांचा फोन आला. "कन्नड, आम्हाला सूतक तीन दिवसांचं होतं. ते फिटलं. आमच्याकडं लक्ष्म्या बसायल्यात. आईच्याच त्या. फुलं घेऊन या."

लक्ष्म्या जेवायच्या दिवशी सकाळी मी आणि मास्तरांनी फुलं तोडली. मास्तर शिंप्याची कात्री घेऊन आले होते. कापड कापायच्या कात्रीनं ते दुसरं काही कापत नसत. ओल्या फडक्यात फुलं बांधून मी सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशनला गेलो. डब्यात वास पसरला. समोरच्या आजीबाईंनी विचारलं, "शेवंती? आत्ताच?" मी म्हणालो, "हो. आमची उठलीय." मी अनोळखी माणसाशी आपण होऊन बोललो होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

भावांच्या घरी लक्ष्म्या उभ्या होत्या, जरीची लुगडी, पुढे पुरणाचं ताट. भावजय पाटावर बसल्या आणि माझ्यासमोर वेण्या गुंफल्या. फुलं दोघींना पुरली, थोडी उरली. त्यांनी आधी थोरलीला वेणी घातली, मग धाकटीला. घरातले सगळे उभे राहिले. भावजयींनी हात जोडले. सवयीनं सासूचं तेच वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्या थांबल्या. नवऱ्याकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, "घ्या बायांनो. उठली."

भाऊ बाहेर ओसरीवर गेले. बराच वेळ आले नाहीत.

काकूंचं घर विकायला काढलं आहे. गिऱ्हाईक मिळेपर्यंत मी वरच्या खोलीत आहे. फुलं सरल्यावर मी झाडं बुडाशी छाटली. फुटवे आले आहेत. एक कुंडी लासूरला आहे, एक मास्तरांच्या ओट्यावर. बाकीच्या अंगणात आहेत. रात्र धुऊन, घडी करून माझ्या कपाटात ठेवली आहे.